पुन्हा रूट कॅनाल, शिवशिवणारे दात आणि तोंडाची निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूट कॅनाल झालेला दात परत दुखायला लागला की माणूस हबकतो. पैसा, वेळ, त्रास सगळं एकदा होऊन गेलेलं असतं. अशा वेळी आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत, शब्दही शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. चेहऱ्यावर सूज असेल, ताप असेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ४ वाचा.

१. रूट कॅनालमध्ये नस काढून टाकली ना? मग तो दात परत दुखतोच कसा?

नस काढलेली असते ती दाताच्या आतली. दाताभोवतीच्या नसा जागच्या जागी असतात. प्रत्येक मूळ जबड्याच्या हाडात एका पातळ, जिवंत पडद्याने धरून ठेवलेलं असतं. त्या पडद्याला स्वतःचा रक्तपुरवठा आणि स्वतःच्या नसा असतात. चावताना दातावर किती जोर पडतोय हे आपल्याला कळतं ते त्याच्यामुळेच. मुळाच्या आत जंतू पुन्हा वाढले की त्यांची विषारी द्रव्यं मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर झिरपतात, तिथला पडदा आणि हाड सुजतं आणि दुखायला लागतं.

त्यामुळे या दुखण्याचा प्रकार वेगळा असतो. चावलं की दुखतं, बोटाने दाबलं की दुखतं, दात बाकीच्यांपेक्षा किंचित उंच झाल्यासारखा वाटतो. दाब नव्हे, थंडच लागत असेल तर प्रश्न १४ पाहा.

२. नुसतं शिवशिवणं आणि रूट कॅनाल लागेल असं दुखणं, यातला फरक घरी कसा ओळखायचा?

कळ किती वेळ टिकते ते बघा. थंड पाणी लागलं, कळ आली आणि घोट गिळेपर्यंत थांबली, तर आतली नस बहुतेक धडधाकट आहे. पाणी गिळून झाल्यावरही दुखणं अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळत असेल, गरम लागल्यावर ठणका सुरू होत असेल, काहीच न खाता-पिता मध्येच दुखत असेल किंवा रात्री त्याने जाग येत असेल, तर नसेची सूज सहसा बरी होण्यापलीकडे गेलेली असते.

इथे एक फसवी गोष्ट सांगायलाच हवी. असा ठणकणारा दात कधीकधी चार दिवसांनी एकदम शांत होतो आणि लोकांना वाटतं, बरं झालं. प्रत्यक्षात नस मेलेली असते. जंतू मात्र आतच असतात आणि पुढचं दुखणं हाडात सुरू होतं. ज्या दाताने तुम्हाला रात्र रात्र जागवलं, तो आपोआप गप्प झाला तरी दाखवून घ्या.

तिसरा प्रकार चिरेचा. काही कडक चावल्यावर, विशेषतः चावा सोडताना, विजेसारखी कळ येते आणि लगेच जाते. दाताला चीर गेल्याची ही खूण असू शकते आणि एक्स-रेमध्ये ती चीर बहुतेक वेळा दिसत नाही.

३. दात शिवशिवतात म्हणजे दातात नेमकं काय होतं?

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, याला संवेदना नसते. त्याच्या खालच्या डेंटिनमध्ये मात्र नसेच्या दिशेने जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो. त्यांत द्रव भरलेला असतो. नलिकांची बाहेरची तोंडं उघडी पडली की थंड, गोड, आंबट किंवा नुसत्या वाऱ्यानेही तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला ती हालचाल कळ म्हणून जाणवते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी हे दाखवलं आणि आजही हीच मांडणी सर्वांत जास्त मानली जाते.

तोंडं उघडी पडण्याची कारणं बरीच आहेत. हिरडी खाली सरकणं, जोर लावून आडवा ब्रश करणं, आंबट पेयं किंवा वारंवार येणाऱ्या आम्लपित्ताने इनॅमल झिजणं, झोपेत दात खाणं, फिलिंगच्या कडेला फट पडणं. दात पांढरे करण्याच्या उपचारानंतरही काही दिवस शिवशिवतात, पण ते तात्पुरतं असतं.

एक लक्षात ठेवा. सगळ्या बाजूचे बरेच दात शिवशिवत असतील तर कारण बहुधा झीज किंवा हिरड्या. एकच दात शिवशिवत असेल तर कीड, चीर किंवा सैल फिलिंग शोधावं लागतं. एका दातासाठी महिनोन्‌महिने पेस्ट चोळत बसू नका.

४. वाट किती दिवस बघायची? आणि कधी अजिबात बघायची नाही?

सूज गालावरून डोळ्याकडे किंवा जबड्याखालून गळ्याकडे पसरत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटत असेल किंवा सुजेबरोबर ताप आणि ग्लानी असेल, तर त्याच घटकेला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखालच्या आणि गळ्याच्या भागात उतरला तर श्वासनलिका दाबली जाऊ शकते. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे. सकाळ होण्याची वाट बघू नका.

हिरडीपुरती सूज किंवा चावताना दुखणं असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. नुसतं शिवशिवणं असेल तर दोन-चार आठवडे घरी प्रयत्न करायला हरकत नाही.

५. सेन्सिटिव्हिटीची टूथपेस्ट लावतोय, पण फरक पडत नाही. का?

बहुतेक वेळा दोन कारणं. आठवडाभरातच सोडलेली असते, नाहीतर ब्रश करून झाल्यावर भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरलेली असते. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट नसेची चेतना कमी करते. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनीन किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असलेली पेस्ट नलिकांची तोंडं बुजवते. दोन्हींना रोज दोनदा वापरून दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढी पेस्ट बोटाने शिवशिवणाऱ्या जागी हलकेच चोळून ठेवली आणि नुसतं थुंकून टाकलं, तर जास्त उपयोग होतो.

चार आठवडे नीट वापरूनही फरक नसेल तर तिसरं कारण धरा, म्हणजे हा पेस्टने सुटणारा प्रश्नच नाही. दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावता येतं, दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, झिजलेल्या खाचा भरता येतात आणि मुख्य म्हणजे चीर किंवा कीड शोधता येते.

६. रूट कॅनाल फेल का होतं? डॉक्टरांची चूक असते का?

कधी असते, बऱ्याचदा नसते. दोष कुणाचा याआधी कारण काय हे कळणं गरजेचं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरतो. कारण न शोधता तेच काम पुन्हा केलं तर तेच होणार.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सुटलेला कॅनाल. कॅनाल म्हणजे मुळातली नसेची बारीक नळी. वरच्या पहिल्या दाढेचं उदाहरण घ्या. तिला तीन मुळं असतात, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकांना दोन कॅनाल असतात आणि त्यातला दुसरा डेंटिनच्या एका ओठाखाली दडलेला असतो. मायक्रोस्कोपखाली बारीक अल्ट्रासॉनिक टोकाने तो ओठ खरवडत गेलं की तळाशी एक पांढुरका ठिपका दिसतो. त्यात टोकाशी ०.०६ मिलिमीटर जाडीची फाइल, म्हणजे कॅनाल साफ करायची सुईसारखी कानस, टेकवली आणि ती किंचित अडकली, की कॅनाल सापडला. साध्या डोळ्यांनी तो दिसला नाही म्हणून कुणाला निष्काळजी म्हणता येत नाही. पण त्यात राहिलेला नसेचा कुजका अंश वर्षानुवर्षं जंतूंना पोसत राहतो.

दुसरं कारण वरून होणारी गळती. आतलं काम उत्तम झालेलं असतं, पण तात्पुरत्या फिलिंगवरच महिने काढले जातात किंवा कॅपची कड उघडी पडते आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत उतरतात. तिसरं, कॅनाल टोकापर्यंत साफ न होणं किंवा अर्धवट भरला जाणं. चौथं, मुळाला गेलेली चीर. काही जंतू चिवटही असतात. एंटरोकॉकस फीकॅलिस हा जंतू रूट कॅनाल झालेल्या दातांत वारंवार सापडतो, कारण तो उपाशीही तग धरून राहतो.

७. फाइलचा तुकडा दातात तुटून राहिलाय असं सांगितलं. आता दात काढावा लागेल का?

तुकडा राहिला म्हणून दात गेला असं होत नाही. या फाइली निकेल-टायटॅनियमच्या किंवा स्टीलच्या असतात आणि निर्जंतुक असतात. त्रास धातूमुळे होत नाही, त्याच्या पुढच्या भागात साफसफाई राहिली असेल तर होतो. कॅनाल बराचसा साफ झाल्यावर तुकडा तुटला असेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी पुष्कळदा पुरतं. नाहीतर तो काढता येतो, बाजूने वाट काढता येते किंवा शस्त्रक्रियेने मुळाच्या टोकाकडून काम करता येतं (प्रश्न १२). तुटलं हे तुम्हाला सांगितलं गेलं ही चांगली गोष्ट. त्याची नोंद आणि एक्स-रे जपून ठेवा.

८. काहीच दुखत नाही, पण एक्स-रेमध्ये मुळाशी काळा डाग आहे म्हणतात. परत करायलाच हवं का?

पहिला प्रश्न, रूट कॅनाल कधी झालं? मुळाशी हाड विरघळलेलं असेल तिथे एक्स-रे काळा दिसतो. उपचार यशस्वी झाला तरी ते हाड भरून यायला महिने लागतात, कधी वर्षं. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटॉलॉजीच्या सूचनेनुसार वर्षाने एक्स-रे काढावा आणि डाग पूर्ण गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत पाहणी चालू ठेवावी. तेव्हा आठ महिन्यांपूर्वी झालेल्या दाताला डाग आहे, दुखत नाही आणि जुन्या एक्स-रेपेक्षा डाग लहान झालाय, तर तो बरा होतोय. त्याला हात लावू नये.

चित्र उलट असेल, म्हणजे डाग वाढतोय, पूर्वी नव्हता तो नव्याने आलाय किंवा चार वर्षांनंतरही तसाच आहे, तर दुखत नसलं तरी आत संसर्ग आहे असं धरून चालावं. नस काढलेला दात म्हणजे धोक्याची घंटा काढून टाकलेलं घर. शांतता आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं तिथे म्हणता येत नाही. त्या दातावर नवी कॅप किंवा ब्रिज बसवायचा असेल तर हा निर्णय आधीच घ्या. नव्या कॅपला सहा महिन्यांत भोक पाडावं लागणं कुणालाच नको असतं.

एक अपवाद. क्वचित, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, हाडाऐवजी व्रणाची ऊती तयार होते. ती एक्स-रेमध्ये काळीच दिसते, पण तो आजार नसतो. म्हणून एका एक्स-रेवर निकाल देऊ नये, जुना शेजारी ठेवून बघावा.

९. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, जाते, परत येते. उष्णतेने असेल का?

नाही. तीच जागा, तीच पुटकुळी, पुन्हा पुन्हा, म्हणजे तो पूवाचा निचरा आहे. पू वाहून जातो म्हणून दाब तयार होत नाही, दाब नाही म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणसं वर्ष वर्ष काढतात.

पुटकुळी ज्या दातासमोर दिसते तोच दात दोषी असेल असंही नाही. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. रूट कॅनाल भरायला वापरतात ती गुट्टा-पर्चाची बारीक, लवचिक काडी त्या छिद्रातून हळूच आत सरकवायची, ती वाट मिळेल तशी जाते, मग एक्स-रे काढायचा. काडीचं टोक ज्या मुळाशी थांबलेलं दिसेल तो दात. कधीकधी ते शेजारच्या दाताचं मूळ निघतं आणि नको त्या दाताचं काम टळतं. पुटकुळी पिनने फोडू नका.

१०. दुसऱ्या वेळी नेमकं काय करतात? आणि पहिल्यापेक्षा जास्त दुखतं का?

आधी तपासणी. दात ठोकून बघणं, हिरडीची खोली मोजणं, वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे आणि गरज असेल तर सीबीसीटी, म्हणजे त्या भागाचा त्रिमितीय स्कॅन. मग भूल देऊन कॅप काढतात किंवा तिच्यातूनच वाट करतात. कॅप काढल्याचा फायदा असा की खालची कीड आणि चीर दिसते. मी शक्य तिथे काढण्याच्या बाजूने आहे. दातावर रबर डॅम लावतात, ताणलेल्या रबराचा पडदा, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औषध घशात जात नाही. ही पद्धत १८६४ पासून चालत आली आहे. तुमच्या दाताला लावणार का, हे बिनदिक्कत विचारा.

मग जुना गुट्टा-पर्चा उष्णतेने, फाइलींनी, कधी द्रावकाने मऊ करून काढतात. कॅपला आधार म्हणून मुळात खांब बसवलेला असेल तर तोही सैल करून काढावा लागतो आणि सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. त्यानंतर सुटलेले कॅनाल शोधणं, सोडियम हायपोक्लोराइटने भरपूर धुणं, अनेकदा आठवडा-दोन आठवड्यांसाठी आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवणं, मग पुन्हा भरणं. दोन-तीन खेपा लागतात हे गृहीत धरा.

काम चालू असताना दुखत नाही, कारण भूल असते. नंतरचे दोन-तीन दिवस चावताना ठणकतं आणि असा ठणका पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी थोडा जास्त आढळतो. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल सहसा पुरतं. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका. वेदनाशामक गोळी दाताजवळ हिरडीवर दाबून ठेवू नका, त्याने हिरडी भाजते. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं किंवा सूज आली तर फोन करा.

११. अँटिबायोटिक घेतलं आणि बरं वाटलं. मग परत रूट कॅनाल कशाला?

कारण जंतू जिथे बसलेत तिथे औषध पोचतच नाही. अँटिबायोटिक रक्तातून जातं आणि या दाताच्या आत आता रक्तपुरवठा उरलेला नाही. आजूबाजूच्या हाडातली सूज ओसरते, मूळ घर तसंच राहतं, आणि पुन्हा दुखलं की पुन्हा तोच कोर्स. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढांना, दाताचा उपचार उपलब्ध असताना, नसेच्या किंवा मुळाशी झालेल्या बहुतेक दुखण्यांसाठी अँटिबायोटिक देऊ नये. सूज पसरत असेल, ताप असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते लागतं, पण उपचाराच्या जोडीने. घरात उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

१२. पुन्हा रूट कॅनाल, शस्त्रक्रिया की सरळ दात काढून इम्प्लांट? यश कशात जास्त?

लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्यांदा रूट कॅनाल केलेल्यांपैकी ८३ टक्के मुळांभोवतालचं हाड पूर्ण बरं झालेलं आढळलं आणि पुन्हा केलेल्यांपैकी ८० टक्के. म्हणजे ‘एकदा फेल गेलं, आता काही खरं नाही’ ही समजूत चुकीची आहे.

दोष वरून दुरुस्त करता येण्याजोगा असेल, म्हणजे सुटलेला कॅनाल, अपुरं भरणं, गळती, तर पुन्हा रूट कॅनाल हाच पहिला पर्याय. आतलं काम चांगलं झालंय तरी आजार टिकून आहे, किंवा मोठा खांब काढताना मूळच फुटण्याची भीती आहे, तर शस्त्रक्रिया बरी. तिच्यात हिरडी उघडून मुळाचं टोक सुमारे तीन मिलिमीटर कापतात आणि कापलेल्या बाजूने कॅनाल बंद करतात.

इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, ही चांगली सोय आहे, मात्र ती गेलेल्या दातासाठी. त्याला प्रश्न १ मधला तो जिवंत पडदा नसतो, त्यामुळे दाबाची जाण कमी असते, आणि भोवतालच्या हिरडीचा आजार त्यालाही होतो. वाचण्यासारखा दात असेल तर आधी तो वाचवावा असं माझं ठाम मत आहे. न वाचण्यासारखे दात पुढच्या प्रश्नात.

१३. कोणत्या दातावर परत खर्च करण्यात अर्थ नाही?

मूळ उभं चिरलेला. हिरडीभोवती मोजपट्टी फिरवताना सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी एकदम आठ-दहा मिलिमीटर खोल गेली, तर अशी चीर असण्याची दाट शंका येते. ती जोडता येत नाही. हाडाच्या खालपर्यंत किडलेला दातही त्यातलाच. कॅप टिकायला हिरडीच्या वर चारही बाजूंनी साधारण दोन मिलिमीटर सशक्त दात उरावा लागतो. हाडाचा आधार गेल्यामुळे खूप हलणारा दातही वाचत नाही. हे आधी सांगणारा डॉक्टर तुमचे पैसे वाचवत असतो.

१४. रूट कॅनाल झालेल्या दातालाच थंड लागतं. हे कसं शक्य?

बहुतेक वेळा तो शेजारचा दात असतो. दातदुखी जागा नीट दाखवत नाही, कधी वरच्या दाताचं दुखणं खालच्यात वाटतं. दवाखान्यात थंड केलेला बोळा एकेका दाताला लावून खरा दात शोधतात. सगळे शेजारी निर्दोष निघाले आणि गरमने त्याच दाताला ठणका लागत असेल, तर सुटलेल्या कॅनालमध्ये नसेचा जिवंत अंश असू शकतो (प्रश्न ६).

१५. वरच्या सगळ्याच दाढा एका बाजूने दुखतात. कोणती दाखवू?

सर्दी झालीय का? खाली वाकल्यावर किंवा जिना उतरताना दुखणं वाढतं का? वरच्या दाढांची मुळं सायनसच्या अगदी तळाशी असतात, त्यामुळे सायनसची सूज दातांत जाणवते. उलटही घडतं. एकाच बाजूचा, घाण वासाचा, न हटणारा सायनसचा त्रास पुष्कळदा वरच्या दाढेच्या संसर्गातून येतो. रूट कॅनाल झालेली दाढ त्या बाजूला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

१६. कॅप घालायलाच हवी का? आणि कॅप घातली की कीड लागत नाही ना?

दाढांना जवळपास नेहमीच हवी. भोक पाडून पोखरलेली दाढ चावण्याच्या जोराने दुभंगते. पुढच्या दातांना, थोडाच भाग गेला असेल तर, फिलिंग पुरतं.

कीड कॅपला लागत नाही, कॅपच्या कडेखालच्या दाताला लागते. आणि हा दात सांगणार नाही. जिवंत दात गोड लागलं की कळवतो. हा मुळापर्यंत पोखरला जाईल आणि एक दिवस कॅप हातात येईल. कॅपच्या कडेला, हिरडीलगत, रोज ब्रश पोचायलाच हवा.

१७. ब्रश नेमका कसा करायचा? मी तर रोज जोर लावून घासतो.

जोर लावता हीच अडचण आहे. मऊ ब्रश घ्या. केस हिरडी आणि दाताच्या सांध्यावर ४५ अंशांत टेकवा, जागच्या जागी अगदी लहान हालचाल करा आणि मग दाताच्या चावण्याच्या बाजूकडे ओढा. दोन-दोन दात करत पुढे सरका, आतली बाजूही तशीच. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातला रात्रीचा चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांचं संरक्षणही. ब्रशचे केस महिन्याभरात फिस्कारले तर जोर जास्त आहे. एरवी तीन-चार महिन्यांनी बदला.

पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम. झाल्यावर थुंका, चूळ भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका. आंबट काही खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. आम्लता साधारण ५.५ पीएचच्या खाली गेली की इनॅमल विरघळू लागतं आणि मऊ झालेलं इनॅमल ब्रशने निघून जातं. उघड्या पडलेल्या मुळाला तर त्याहून सौम्य आम्लही पुरतं.

दातांच्या मधे ब्रश जात नाही. फट घट्ट असेल तर फ्लॉस, मोकळी असेल तर इंटरडेंटल ब्रश, दिवसातून एकदा. ब्रिजखालून वेगळा फ्लॉस घालावा लागतो, तो दवाखान्यात शिकून घ्या.

१८. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश करत नाही. बरोबर ना?

उलट होतंय. रक्त येतं ते साठलेल्या थरामुळे हिरडी सुजलीय म्हणून. मऊ ब्रशने त्या जागा नीट साफ केल्यात तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त बरंच कमी होतं. नाही झालं तर आत टार्टर, म्हणजे कडक झालेला थर आहे, तो ब्रशने निघत नाही.

१९. स्केलिंगने दात सैल होतात, शिवशिवायला लागतात, हे खरं का?

स्केलिंग म्हणजे टार्टर खरवडून काढणं. शिवशिवणं खरं, पण काही दिवसांचंच. टार्टरखाली झाकलेलं मूळ उघडं होतं आणि सूज उतरल्यावर हिरडी आवळते. प्रश्न ५ मधली पेस्ट वापरा. सैल होण्याचं म्हणाल तर दात आधीच हाड गमावून बसलेला असतो आणि टार्टरचा थर त्याला धरून असल्याचा भास देत असतो.

२०. माउथवॉश वापरला तर चालतं का, ब्रशऐवजी?

ब्रशऐवजी नाही. क्लोरहेक्सिडीन सांगितलं असेल तर सांगितलेले दिवसच वापरा, जास्त वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते.

२१. मला मधुमेह आहे / मी गरोदर आहे / हाडांच्या गोळ्या चालू आहेत. पुन्हा रूट कॅनाल चालेल का?

मधुमेहात चालतं, पण साखर आटोक्यात नसेल तर हाड उशिरा भरतं. हिरड्यांची सूज आणि साखर एकमेकांना बिघडवतात, म्हणून तुमच्यासाठी प्रश्न १७ इतरांपेक्षा महत्त्वाचा.

गरोदरपणात मधले तीन महिने सोयीचे. ठणका किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करावा. संसर्ग अंगावर काढणं जास्त वाईट. दाताच्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग अत्यल्प असतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, रूट कॅनालमध्ये रक्तस्राव फारसा होत नाही. हृदयात कृत्रिम झडप असेल तर आधी सांगा, काही उपचारांपूर्वी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट अथवा डेनोसुमॅब चालू असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. अशांच्या बाबतीत एरवी काढून टाकला असता असा दातही पुन्हा रूट कॅनाल करून ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

२२. रूट कॅनाल केलेले दात शरीरात विष पसरवतात, असं वाचलं. सगळे काढून टाकू का?

नको. ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वेस्टन प्राइस यांच्या प्रयोगांतून पसरली आणि त्या काळात असंख्य चांगले दात उपटले गेले. पुढच्या अधिक काटेकोर अभ्यासांत ते निष्कर्ष टिकले नाहीत. संसर्ग तसाच राहिलेला दात मात्र दुरुस्त करायला हवा, ते या भीतीपोटी नव्हे, प्रश्न ८ मधल्या कारणांसाठी.

२३. दोनदा झालंय. तिसऱ्यांदा करता येईल का?

आतापर्यंत न सुधारलेलं असं काही दाखवता येतंय का, यावर ते ठरतं. सीबीसीटीमध्ये अजूनही सुटलेला कॅनाल दिसला किंवा दुसऱ्यांदा काम झाल्यावर कॅप कधीच नीट बसली नव्हती, तर तिसऱ्या वेळेलाही अर्थ आहे. कॅनाल व्यवस्थित भरलेले आहेत, वरून गळती नाही आणि तरी डाग वाढतोय, तर पुन्हा आतून उकरून मूळ पातळ होण्याखेरीज काही साधत नाही. तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा आणि ती करताना मुळाला चीर दिसली तर त्याच बैठकीत दात काढण्याची तयारी ठेवावी. दुसरं मत घ्यायला जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे तारखांसह बरोबर न्या.